एक भरलेली, चार पोकळ

१२ जानेवारी, सोमवार

आज सकाळी आमच्या भोरच्या घराच्या दारात उभ्या राहिलेल्या एका मुलीने मला विचारलं, "आजी, तुम्हाला चांदण्या आवडतात की पट्टे?" मी म्हटलं, आधी आजी म्हणणं बंद कर, मग सांगते.

मुलीचं नाव अश्विनी. पुण्याच्या कुठल्याशा संशोधन संस्थेतून आली आहे. नव्या मोटारी मुद्दाम भिंतीवर आपटतात, आत बसवलेल्या बाहुल्यांचं काय होतं ते मोजतात आणि त्यावरून गाडीला गुण देतात, एवढं मला ठाऊक होतं. हे गुण गाडीवर कसे छापले तर गिऱ्हाइकाला चटकन कळतील, हे आता भोर-वेल्ह्याच्या माणसांना विचारायचं आहे. गाडी सुरक्षित कशी करावी हे नव्हे. ती सुरक्षित आहे की नाही हे कोणत्या रंगात सांगावं, हे.

चार नमुने आणले आहेत. पाचापैकी चांदण्या, शंभरापैकी गुण, हिरव्यापासून लालपर्यंत रंगांची पट्टी, आणि ए ते ई अक्षरं. या भागातल्या माणसांशी ओळख करून द्यायला कोणीतरी हवं होतं, आणि माझं नाव तिला पुण्याच्या माझ्या जुन्या ऑफिसात मिळालं. एकतीस वर्षं मी विमा कंपनीच्या मोटार विभागात मोडक्या गाड्यांचे फोटो पाहिले आणि त्या चालवणाऱ्यांची निवेदनं वाचली. 'झाड अचानक समोर आले.' 'म्हैस सूचना न देता वळली.' एकतीस वर्षांत एकाही माणसाने 'मला दिसलं नाही' असं लिहिलं नाही.

माझं मत मी लगेच सांगून टाकलं. शंभरापैकी गुण. चांदण्या सिस्टर बर्नार्ड दुसरीत आमच्या वह्यांत चिकटवत असत, अक्षर सुबक आलं की सोनेरी. माझी वही आकाशासारखी दिसायची. म्हणून काही मी विश्वासू मोटार ठरत नाही.

उद्यापासून माझ्याच गाडीतून फिरायचं ठरलं. अश्विनीला फार बरं वाटलं.

१३ जानेवारी

आधी सारोळे, मग शिवरे. सारोळ्याच्या पुलावर समोरचा ट्रक उगाचच हॉर्न वाजवत होता. या लोकांना बाई चालवताना दिसली की हात शिवशिवतात. अश्विनी वरच्या दांडीला धरून बसली होती. मी म्हटलं, एसी वाढवू का, तुला घाम आलाय. म्हणाली, नको मावशी, तुम्ही फक्त पुढे बघा.

शिवऱ्याला मोहसीनचं गॅरेज आहे. माझी गाडी तोच बघतो. अश्विनीने त्याला पाच चांदण्यांचं कार्ड दाखवलं. त्याने हात पुसून ते नीट निरखलं.

"फौजदाराला दोन, पीआय साहेबांना तीन," तो म्हणाला. "पाच म्हंजी ही गाडी कुनी अडवायची भीती न्हाई."

"तसं नाही हो. सुरक्षितता."

"मंग फ्रिजवर असत्यात तश्या. पाच असल्या की लाईट कमी खातो. ही डिझेल कमी खाती, आसंच ना?"

अश्विनीने 'समजले' या रकान्यात बरोबरची खूण केली. मी तिला विचारलं, समजलं कुठे? ती म्हणाली, मावशी, त्यांनी कार्डाकडे दोन सेकंदांत बघितलं, आम्ही तेच मोजतो.

निघताना मोहसीन माझ्या पुढच्या बंपरपाशी वाकला. "मॅडम, ह्ये कवा झालं?" आमच्या गेटचा खांब गवंड्याने फार पुढे बांधला आहे, दुसरं काय.

परत येताना अश्विनीला अचानक एसटीने जायची इच्छा झाली. म्हणे, लोकांशी बोलता येतं. कामसू मुलगी आहे.

१६ जानेवारी

वेल्हे. अश्विनी एसटीने आली, मी गाडीने. तिथून वरच्या वाडीला चढून गेलो. तिथल्या धोंडाबाईकडून मी बरीच वर्षं तूप घेते. शेळ्या, दोन म्हशी, आणि सिद्धनाथ नावाचा एक मुलगा. सिद्धनाथ नसरापूर ते वेल्हे वडापची जीप चालवतो. जीपमध्ये जागा नऊ, माणसं चौदा. धोंडाबाई बाजाराला जाते तेव्हा पुढची, खिडकीकडची जागा तिची. तिथे दुसरं कोणी बसलं तर सिद्धनाथ उठवतो.

रंगांची पट्टी धोंडाबाईने हातात घेतली. एका टोकाला हिरवं, दुसऱ्या टोकाला लाल.

"ह्यातली चांगली गाडी कुठली?" अश्विनीने विचारलं.

"ही की." बोट लालवर. "कुकवाचा रंग हाय."

"आणि हिरवी?"

"हिरवं कच्चं आसतंय, बाय. करवंद बघ. हिरवं कच्चं, लाल आंबाट, काळं झालं की ग्वाड. काळी पट्टी न्हाई व्हय तुमच्याकडं?"

मी मनात सिस्टर बर्नार्डना आठवलं. नापासाचे गुण त्या लाल शाईने लिहीत, आणि त्या लाल शाईची भीती मला अजून वाटते. इथे त्याच रंगाला हळदीकुंकवाचं आमंत्रण.

मग मी माझं लाडकं कार्ड काढलं. शंभरापैकी बहात्तर. याच्यात गैरसमजाला जागाच नाही.

धोंडाबाई विचारात पडली. "शंबरात बाहात्तर वाचत्यात?"

"तसं नव्हे. गाडीला बहात्तर गुण."

"मंग अठ्ठावीस मरत्यात. त्ये कोन, पुढं बसल्यालं का मागं?"

मी तिलाच विचारलं, तुम्ही शेळी विकत घेताना कसं ओळखता? तिथे तर कसलीच चिठ्ठी नसते.

"दात बघायचं, कास बघायची. आन इकनाऱ्याच्या घरी जायाचं. त्यानं त्याच वाणाची एक सवताला ठिवलीय का त्ये बघायचं. सगळी इकाया काढली आसली तर आपुन माघारी यायचं."

अश्विनीकडे याला रकाना नव्हता.

१७ जानेवारी

कार्डांची छपाई भिकार आहे. चांदण्यांच्या कडा एकीत एक मिसळल्या आहेत आणि दिव्याखाली धरल्या की प्रत्येकीला शेपटी फुटते. अश्विनी म्हणते, छपाई अगदी स्वच्छ आहे. या पिढीला स्वच्छ म्हणजे काय ते ठाऊकच नाही. गाड्यांच्या नंबरपाट्याही हल्ली पुसटच रंगवतात.

डोळ्यांच्या डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. मोतीबिंदू पिकला आहे म्हणे. त्यांना काही काम नसेल तर त्यांनी करवंदं पिकवावीत.

१९ जानेवारी

संस्थेचा नियम असा की नमुना खऱ्या गाडीवर चिकटवून दहा पावलांवरून फोटो काढायचा. वेल्ह्याच्या स्टँडवर सिद्धनाथची जीप उभी होती. मी तिच्यात एकदा पुढे बसले आहे. त्या वेळी त्यानेच सांगितलं होतं, "मॅडम, ब्रेक पयल्या दाबाला आयकत न्हाई, दुसऱ्या दाबाला आयकतो. बैलावानी."

अश्विनीने विचारलं, कोणता स्टिकर लावू? मी म्हटलं, एक चांदणी. मी आयुष्यात खोट्या कागदावर सही केली नाही, खोटा स्टिकरही लावणार नाही. पाच जागा, त्यातली एक सोनेरी भरलेली, बाकी चार म्हणजे नुसत्या रेषा, आत पोकळ. काचेवर मधोमध मी स्वतःच्या हाताने चिकटवला. सिद्धनाथ बघत होता.

"ह्ये कशाचं, मॅडम?"

"तुझ्या गाडीची लायकी."

तो चक्क लाजला. मला वाटलं, चला, कुणाला तरी लाज वाटते. फोटो झाल्यावर अश्विनी तो काढायला गेली तर मी तिला थांबवलं. राहू दे म्हटलं आठ दिवस. येणारे-जाणारे वाचतील, बसणार नाहीत, मग ब्रेक करून घेईल. सार्वजनिक शिक्षण याला म्हणतात.

२३ जानेवारी

सार्वजनिक शिक्षणाचा निकाल लागला. सिद्धनाथच्या जीपला आता रांग लागते.

मी स्टँडवर स्वतः पाहिलं. दुसऱ्या दोन जीप रिकाम्या, त्यांचे ड्रायव्हर नसरापूर नसरापूर ओरडून घसा कोरडा करत होते, आणि याच्या जीपला माणसं मागच्या दाराला लोंबकळत होती. एकीला विचारलं, हीच का? ती म्हणाली, पुण्याच्या मॅडमनी तपासून पाच चांदण्या दिल्यात.

सिद्धनाथला मी बाजूला घेतलं. "अरे, एक आहे. एक."

"न्हाई मॅडम, मोजा की. एक सोन्याची, चार चांदीच्या. लई उपकार झालं तुमचं."

त्याने मला चहा पाजला. मी तो प्यायले, याचा मला आत्ता राग येतोय.

२४ जानेवारी

काळं मार्कर घेऊन वेल्ह्याला गेले. स्टिकर निघत नाही. संस्थेने डिंक मात्र पाच चांदण्यांचा वापरला आहे. मग चारही पोकळ चांदण्यांवर ठसठशीत फुल्या मारल्या. फुलीचा अर्थ शाळेच्या पहिल्या दिवशीच कळतो: चूक, रद्द, नाही. यावर आता कोणाचं दुमत होऊ शकत नाही.

परतीच्या वाटेवर एका म्हशीने माझा डावा आरसा नेला. सूचना न देता वळली.

२८ जानेवारी

फुलीचा अर्थ तीट.

म्हणजे काजळाचा तो ठिपका, जो गुटगुटीत बाळाच्या गालावर दृष्ट लागू नये म्हणून लावतात. दुसरे दोन ड्रायव्हर जळतात, म्हणून मॅडम खास भोरहून येऊन तीट लावून गेल्या, असं सगळ्या वेल्ह्याचं मत आहे. सिद्धनाथने आपल्या परीने खाली लिंबू-मिरची जोडली आहे. काल त्यात सतरा माणसं होती, असं अश्विनी सांगते. तिने मोजली. तिच्या तक्त्यात 'चांदण्या' हा नमुना इतका पुढे गेला आहे की तिचे साहेब खूष आहेत.

मी तिला म्हटलं, अगं, ते चुकीचं वाचतात. ती म्हणाली, "मावशी, प्रश्न 'काय आवडतं' असा आहे. 'काय कळतं' हे पुढच्या वर्षीच्या अभ्यासात आहे."

एकतीस वर्षं मी मोडलेल्या गाड्यांचे कागद पाहिले. तिथे सगळ्या गोष्टी पुढच्या वर्षीच्या अभ्यासात असायच्या.

२ फेब्रुवारी, सोमवार

झालं ते.

मार्गासनीच्या अलीकडच्या वळणावर जीपने पहिला दाब ऐकला नाही, आणि दुसऱ्याला वेळ नव्हता. सिद्धनाथने ती डोंगराच्या बाजूला घातली. दुसऱ्या बाजूला घातली असती तर आज मी हे लिहीत नसते, कुठेतरी बसून लोकांच्या तोंडाकडे बघत असते. सोळा माणसं. टोमॅटोचे क्रेट सगळ्यांच्या अंगावर, त्यामुळे आधी सगळ्यांना वाटलं की सगळेच गेले. सखूबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईचं मनगट मोडलं. बाकीच्यांना मुका मार.

मी दवाखान्यात सखूबाईला भेटायला गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. प्लास्टरचा हात उचलून तीच आधी बोलली.

"तुमच्या चांदण्या व्हत्या म्हून हातावर निभावलं बगा, मॅडम. न्हाईतर सोळा तिरड्या निघाल्या आसत्या."

पाठ केलेलं सगळं विसरले. तिला मोसंबी सोलून दिली आणि घरी आले.

निवेदनात काय लिहावं? 'स्टिकर अचानक समोर आला.' लावला मी. माझ्या हाताने, मधोमध.

३ फेब्रुवारी

सकाळी सिद्धनाथला फोन केला. जीप दोन दिवसांत रस्त्यावर येईल म्हणाला. पुढचा पत्रा ठोकून घेतोय, काच शाबूत आहे. ब्रेकचं विचारलं तर म्हणाला, करू की मॅडम, आत्ता गिऱ्हाईक लई हाय, गाडी उभी ठेवून जमायचं न्हाई. काच शाबूत म्हणजे चांदण्याही शाबूत. अपघातातून वाचवणाऱ्या चांदण्या म्हणून आता पार केळदपर्यंत त्यांचं नाव झालं आहे. परवा नसरापूरचा बाजार. त्या दिवशी त्यात वीस बसतील, आणि पुढच्या जागेवर धोंडाबाई.

मी वाडीला चढून गेले. धोंडाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. मी सगळं सांगितलं, न लपवता.

"ती चिठ्ठी तुमी लावली?"

"हो."

"आन ती खरी हाय?"

"खरी आहे. एकच चांदणी."

"मंग बाकीच्या चार कशाला काडल्या?"

"पाचापैकी एकच मिळाली, हे कळावं म्हणून."

तिने पाला खाली ठेवला. "न मिळाल्यालं बी काडून दावत्यात व्हय? नापास पोराच्या पाटीवर न पडल्यालं मार्क कुनी लिवतंय का?"

कॉन्व्हेंटमध्ये मला कोणी इतक्या थोड्या शब्दांत गप्प केलं नव्हतं. मी तिला विचारलं, तुम्हाला ब्रेकचं ठाऊक नव्हतं? तिने पाला पुन्हा उचलून शेळीपुढे धरला.

"ठावं व्हतं. पोरगं दुसऱ्या दाबाला थांबवतंय, म्हून बसत व्हते."

मग मला ताक दिलं आणि म्हणाली, आता तुमी जावा, अंधार पडायच्या आत. तुमी चालवतासा त्ये मला ठावं हाय. किती काळजी करते माझी.

५ फेब्रुवारी

बाजाराचा दिवस. मी वेल्ह्याच्या स्टँडवर आठला हजर.

जीप आली. पत्रा ठोकलेला, लिंबू नवं, चांदण्या पाचही जागेवर. माणसं चढली, चढत राहिली. पुढची खिडकीची जागा सिद्धनाथने रिकामी ठेवली होती. धोंडाबाई तुपाची किटली घेऊन वाडीवरून उतरली, जीपपाशी आली, चांदण्यांकडे पाहिलं, आणि पलीकडे एसटीच्या थांब्यावर जाऊन किटली खाली ठेवली.

"आये, बस की."

"एसटीनं येते."

"एसटीला दीड तास हाय."

"बसते की हितं. मला कुठं घाई हाय."

सिद्धनाथ खाली उतरला. हळू आवाजात म्हणाला, "आये, लोक बगत्यात."

"बगू दे."

जीपमधल्या एका बाईने मान बाहेर काढली. "काय झालं वो, धोंडाबाय?"

"काय न्हाई. पोरगं माझं हाय," धोंडाबाई म्हणाली. "पन मी बसत न्हाई."

ती एवढंच बोलली. पदर सारखा करून थांब्यावर टेकली. जीपमध्ये कुजबुज झाली. मग ती मान काढलेली बाई उतरली. मग तिची सून, मग टोपलीवाला, मग मागून एकेक. सिद्धनाथ दार धरून उभा होता, कुणाला थांबवत नव्हता. माझ्या चार फुल्यांनी एक माणूस उतरला नव्हता. पाच मिनिटांत जीप रिकामी झाली, आणि थांब्यावर बसायला जागा उरली नाही.

सिद्धनाथ रिकामी जीप घेऊन निघाला. अगदी सावकाश. मोहसीनचा फोन दुपारी आला: मॅडम, वेल्ह्याची जीप आलीय, चारी चाकांचं ब्रेक सांगितल्यात, तुमची बी गाडी घेऊन या एकदा. माझ्या ब्रेकना काही झालेलं नाही. मी त्यांना हात लावते कुठे.

१३ फेब्रुवारी

जीप पुन्हा सुरू. स्टिकर सिद्धनाथने पात्याने खरवडून काढला आहे, काचेवर पाच ओरखडे राहिलेत. कोणी मोजत नाही. स्टँडवर येणारी माणसं आधी पुढच्या खिडकीकडे बघतात. तिथे धोंडाबाई बसलेली होती, मांडीवर किटली. ती दिसली, मग माणसं चढली. अकराच्या वर सिद्धनाथ घेत नाही. बारावा आला तर म्हातारी नुसतं त्याच्याकडे बघते.

नऊ जागांत अकरा. पण मी आता या प्रदेशात गणित शिकवायचं सोडलं आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

अश्विनीचा अहवाल तयार झाला. भोर व वेल्हे भागातील ग्राहकांची स्पष्ट पसंती: चांदण्या. विशेष नोंद: 'प्रत्यक्ष वाहनावर लावल्यावर प्रवासीसंख्येत लक्षणीय वाढ.' मी वाचून दाखवलं तेव्हा धोंडाबाई खळखळून हसली. ती तूप घेऊन भोरला आली होती.

शेवटच्या पानावर 'इतर सूचना' अशी चौकट होती. अश्विनी म्हणाली, मावशी, तुम्ही भरा. मी सुवाच्य अक्षरात, सिस्टर बर्नार्डनी सोनेरी चांदणी दिली असती अशा अक्षरात लिहिलं: 'चांदण्या, अंक, रंग व अक्षरे यांपैकी काहीही छापू नये. ज्याच्या गाडीत त्याची जवळची माणसे आपणहून बसतात, ती गाडी सुरक्षित. बसत नसतील, तर प्रश्न विचारावा.'

अश्विनीने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, धोंडाबाईकडे पाहिलं, आणि दोघी एकदम चहाच्या कपात बघायला लागल्या. माझं लिखाण माणसाला असं अंतर्मुख करतं.

निरोपाचा दिवस, म्हणून मी अश्विनीला म्हटलं, चल, थेट पुण्याला सोडते. तिने एसटीचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं. धोंडाबाईला म्हटलं, तुम्हाला तरी नसरापूरपर्यंत सोडते. म्हणाली, नगं बाय, स्टँडपातूर चालत जाते, पाय मोकळं व्हत्यात. संध्याकाळी इंद्रजितचा फोन: आई, रविवारी तू गाडी काढू नकोस, मीच तुला न्यायला येतो, आणि त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ. माझ्या पेट्रोलची या मुलाला भारी चिंता.

मघाशी गाडी पुसून घेतली. बंपर आणि आरसा सोडला तर नऊ वर्षांत तिला कुठे काही झालेलं नाही. मागच्या सीटवरचं शोरूमचं प्लास्टिकसुद्धा अजून तसंच आहे, एक सुरकुती नाही. गाडी जपावी कशी, हे लोकांनी माझ्याकडून शिकावं.